बारा तांती, एकच वर्णन

जुलै लागला की आमच्या बेटावर हिवाळा, आणि उंचावरच्या आमच्या व्हाकोआ गावाला ती भिजट थंडी येते. पाऊस म्हणावा तर तो पडत नाही, धुकं म्हणावं तर पाच मिनिटांत अंगावरचा स्वेटर ओला. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळायचं नाव घेत नाहीत. मिठाचा डबा उपडा केला तरी मीठ खाली येत नाही. आमचे हे दरवर्षी नेमानं म्हणतात, खाली किनाऱ्याकडे घर बघू, तिकडे उन्ह तरी आहे. मी म्हणते, तुम्ही व्हा पुढे. इथं वाढलेल्या माणसाला या थंडीचा राग येतो आणि ती नसली तर करमतही नाही, तसलं हे प्रकरण आहे.

परवा अशाच एका सकाळी शाळेत निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. विषय होता ‘माझे गाव’. पहिली वही उघडली. ‘त्रियोले हे मोठे व सुंदर गाव आहे. त्याच्या चहूकडे उसाची शेते आहेत.’ दुसरी उघडली. त्रियोले. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्यांचं गाव त्रियोले! मुलं सगळी व्हाकोआची, फार तर शेजारच्या फिनिक्सची. अर्ध्यांनी उत्तरेला त्रियोलेकडे पाऊलही टाकलं नसेल. कुण्या गाववाल्यानं लिहिलेलं निबंधाचं पुस्तक वर्गात फिरलं होतं आणि सगळ्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. एकीनं तर शेवटी ‘आमच्या त्रियोलेची हवा उष्ण आहे’ असं लिहिलं होतं, आणि लिहिताना बिचारीचं नाक गळत असणार.

मी लाल पेन उचललं. आता एकेकाची बरी हजेरी घेते, असं मनात म्हटलं आणि हात थांबला. कोणत्या तोंडानं घेणार? हा उद्योग मी स्वतः केला होता, तोही शाळेत नाही, चांगली बावीस वर्षांची घोडी झाल्यावर. आणि माझ्या त्या उद्योगापायी माझ्या पारूमावशीवर पुन्हा उसाच्या शेतात जायची पाळी आली होती.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझी परीक्षा झाली होती, मास्तरणीच्या नोकरीचा कागद यायचा होता, तोवर मी फिनिक्सला सदूदादाच्या दुकानात टाइप करायला जात होते. सदूदादा नात्यानं लांबचा, वागायला सख्ख्या भावासारखा, म्हणजे सारखा ओरडणारा. दुकानात कापड, दोरे, बटणं, आणि मागच्या खोलीत ढीगभर तांती. तांत म्हणजे बाजारात न्यायची पिशवी, व्हाकोआच्या पानांच्या पट्ट्यांची विणलेली. आमच्या गावाला नाव दिलं ते याच झाडानं. केवड्याच्या जातीचं झाड, लांब पानं, कडेला काटे. आमच्या वाडीतल्या दहा बायका घरी बसून तांती विणत आणि सदूदादा त्या जहाजानं फ्रान्सला पाठवत असे. तिकडे एक मादाम होती. तिचा पत्रानं माल विकण्याचा धंदा होता.

पारूमावशी त्या दहांतली एक. आईची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, वीस वर्षं ऊस तोडून गुडघे कामातून गेलेले. देवळाच्या तीन पायऱ्या चढताना ती मधल्या पायरीवर उभी राहून आजूबाजूचं बघायची, म्हणजे दमली असं कुणाला वाटू नये. दोन वर्षांपासून ती विकायला तांती विणत होती आणि कूप सुरू झाला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, की मळ्याचा सरदार, म्हणजे मुकादम, माणसं गोळा करायला यायचा तेव्हा ती ओट्यावरूनच त्याला सांगायची, “मला काम आहे रे बाबा, पुढे जा.” हे वाक्य म्हणताना तिला होणारा आनंद मी पाहिलाय. तांती विकल्या जात होत्या तोवर हे वाक्य तिचं होतं.

तर त्या वर्षी मादामनं कळवलं की आता नुसता माल नको, प्रत्येक वस्तूचं एक कार्ड पाठवा. वर फोटो, खाली वर्णन. सदूदादानं ते काम माझ्या गळ्यात घातलं. बारा तांती निवडल्या, फोटो काढून घेतले. काळ्या-पांढऱ्या फोटोंत सगळ्या तांती एकाच आईच्या पोटच्या दिसत होत्या. मी आपली हौसेनं बारा वर्णनं लिहिली आणि मावशीच्या ओट्यावर बायकांना वाचून दाखवली. तीच माझी पहिली चूक.

“भागीच्या तांतीला सुरेख म्हटलंस. माझी काय वाईट आहे?”

“आणि माझी नुसती मजबूत? मजबूत काय, बैलाला म्हणतात!”

“बोंज्ये, देवा रे! शेवंतीवर चार ओळी, माझ्यावर दोन?”

आमच्या लोकांना हे सांगायला नको. गणपतीचे मोदक वाटताना एकीच्या पानात पाच आणि दुसरीच्या पानात चार पडले तर ते पुढच्या गणपतीपर्यंत लक्षात राहतं. लग्नात दोन जावांना वेगळ्या रंगांचे ब्लाऊजपीस दिले म्हणून दोन घरं बोलेनाशी झालेली मला ठाऊक आहेत. सगळ्यांना सारखं, हा आमचा कायदा. शेवटी मावशीनंच निकाल दिला. “सगळ्यांना एकच लिही गो बाय. कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको.”

मला तर सुटल्यासारखं झालं. बंदराच्या एका दुकानाची छापील जाहिरात माझ्याकडे होती. तिच्यातले गोड-गोड फ्रेंच शब्द उचलले, दोन आपले घातले आणि एक झकास वर्णन तयार केलं. ‘कुशल हातांनी विणलेली, सुंदर, मजबूत, बेटाच्या उन्हाचा सुगंध असलेली.’ उन्हाचा सुगंध! बाहेर आठवडाभर सूर्य दिसला नव्हता, मावशी पानं चुलीच्या वर टांगून वाळवत होती आणि तांतींना धुराचा वास येत होता. मी मशिनीत कार्बन घालून एकदम चार-चार कार्डं काढली. तीन फेऱ्यांत बारा. सदूदादानं वाचून मान हलवली. बायकांनी ऐकून मान हलवली. असं एकमत आमच्या समाजात त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

मादामचं उत्तर आलं ते जुलैच्या अखेरीस. सदूदादानं ते गल्ल्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. मादामनं फार सभ्यपणे लिहिलं होतं. तिच्याकडे म्हणे हजारभर कार्डं खणांत लावलेली असतात. कुणी काही मागितलं की तिथली मुलगी खण चाळते आणि जे बसेल ते कार्ड काढून पाठवते. आमची बारा कार्डं तिनं चाळली, शब्दन् शब्द एकच. एकच कार्ड चुकून बारा वेळा आलं असं समजून तिनं सगळ्यांना मिळून एक टाचणी लावली. वरचं तेवढं दिसतं, खालची अकरा कुणी पाहतही नाही. वरच्या कार्डाला मागणी आली आहे. बाकीच्या मालाचं काय करायचं ते कळवा.

वरचं कार्ड शेवंतीचं होतं. ती काही सगळ्यांत चांगली विणणारी नव्हती. तिचा क्रमांक पहिला होता, इतकंच.

“सारखं लिहायला तुला कुणी सांगितलं?” सदूदादा ओरडला. कुणी सांगितलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. मग तो जरा खाली आला आणि म्हणाला, “हे बघ, ऑगस्ट संपायच्या आत नवी कार्डं गेली तर नाताळच्या मालात धरेल ती. ज्या तांतीचं आपलं वेगळं कार्ड नाही ती मी यापुढे घेणार नाही. घेऊन करू काय, मागच्या खोलीत जागा कुठाय? आणि पारूमावशीला सांग, सरदाराला माणसं हवीत. तिनं वेळेवर काय ते ठरवावं.”

त्या दिवशी फिनिक्सहून बसनं घरी आले. काचेवर धुकं, बाहेर ओळीनं ऊसवाहू गाड्या. मावशीला सांगितलं तेव्हा ती पान तासत होती, काटे काढत. हात थांबवला नाही तिनं. “असं झालं होय,” म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी वही घेऊन ओटे धुंडाळायला लागले. ती थंडी मला आठवते ती ओट्या-ओट्यांची. ओल्या गोणपाटाचा वास, जांभळ्या रंगानं रंगलेली बोटं, चुलीवरचा चहा. मी प्रत्येकीला विचारी, तुझ्या तांतीचं वेगळं काय? आणि प्रत्येक जण सांगे, माझी चांगली आहे. आठवडा असाच गेला, माझ्या नाकी नऊ आले. मग एकदा कंटाळून मी भागीवहिनीला विचारलं, “तू हिच्यात नेतेस काय?” त्यासरशी तिचं तोंड सुटलं. लहानीत देवळात न्यायची फुलं, मधलीत भाजी, मोठीत माहेरी जाताना कपडे. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला की तिच्या तीन तांती म्हणजे तीन मापांची एकच तांत आहे. तीन कार्डांचं मी एक केलं, खाली तीन मापं लिहिली. “माझी दोन कार्डं खाल्लीस!” म्हणून ती भांडली. मग मी तिला समजावलं की तिन्ही सारखी गेली तर दोन टाचणीखाली जाणार आहेत, तेव्हा ऐकली. एकीच्या तांतीला झाकण होतं, कारण ती अंडी विकायची. एकीची वीण विरळ होती, कारण ती नदीवर कपडे धुवायची आणि पाणी गळून जायला हवं असायचं. मी इतके दिवस तिला ढिली वीण समजत होते. शेवंतीची जांभळ्या पट्ट्यांची, कारण तिला बाजारच्या गर्दीत आपली तांत लांबून ओळखू यायला हवी होती. सुंदर हा शब्द मी सगळीकडून काढून टाकला. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण कुणालाच मिळाला नव्हता.

राहिली मावशी. मी मुद्दाम तिला शेवटी ठेवलं होतं, भीतीच वाटत होती म्हणा ना. तिची तांत साधी. रंग नाही, झाकण नाही, नक्षी नाही.

“मावशी, काय नेतात हिच्यात?”

“बाजारात नेतात. भरतात. घरी आणतात.”

“आणखी?”

“आणखी काय? तांत आहे ती.”

दोन दिवस डोकं आपटून मी एक थाप रचली. ‘शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी मूळ मुलखाहून जहाजातून आणलेली दुर्मिळ वीण.’ मोठ्या झोकात वाचून दाखवली. मावशीनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आजोबांनी जहाजातून ताप आणला होता. हे झाड इथलं, विणायला शिकले ते इथंच. खोड ते.”

“मावशी, अगं कार्ड गेलं नाही तर—”

“खोड म्हटलं ना.”

मी खोडलं. उठताना माझं लक्ष दाराकडे गेलं. तिनं कोयता खाली काढून ठेवला होता आणि जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून त्यांची गुंडाळी केली होती, गुडघ्यांना बांधायला. सरदाराशी तिचं बोलणं झालं होतं. सोमवारपासून ती जाणार होती. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली, रडून काय होणार आहे. तिचंही बरोबर होतं.

शनिवारी बाजार. आईनं मला दोन तांती दिल्या, एक शेवंतीची, एक मावशीची. वांगी घेतली, टोमॅटो घेतले, दोन्ही तांती खाली ठेवून सुट्या पैशांसाठी पदर चाचपत होते. शेवंतीची तांत हळूच कलंडली आणि माझे टोमॅटो गेले घरंगळत कोबीवाल्याच्या दुकानापर्यंत. त्यातले चार उचलून आणले, एक कुणाच्या पायाखाली गेला. मी चरफडत खाली वाकले आणि पाहिलं. मावशीची तांत जिथं ठेवली होती तिथंच होती. मी ती रिकामी करून ठेवली. उभी. पायानं ढकलली. हलली, पण पडली नाही. शेवंतीची रिकामी केली तर ती ओल्या फडक्यासारखी बसली. भाजीवाली म्हणाली, “काय गो, बरी आहेस ना?” मी तिच्या दुकानासमोर मांडी घालून दोन्ही तांतींची बुडं चाचपत बसले होते.

तशीच पळत मावशीकडे गेले. “तुझी तांत उभी का राहते?”

“बूड दुहेरी आहे. तांत काय झोपायला हवी?”

“पण बाकीच्यांच्या झोपतात!”

“झोपतात?” ती खरंच चकित झाली. “मला काय ठाऊक. मी कधी दुसरीची तांत घेतलीय?”

तिच्या आजीनं कारखान्यासाठी साखरेच्या गोणी विणल्या होत्या, याच पानांच्या. गोणीत साखर ओतताना गोण उभी राहायला हवी, म्हणून बूड दुहेरी. आजीनं आईला शिकवलं, आईनं हिला. तिच्या घरात तांत उभीच राहायची, त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी लहानपणापासून तिचीच तांत वापरत आलेली, मला तरी कुठं आलं होतं?

कार्डावर मी चारच वाक्यं लिहिली. ‘ही तांत रिकामी असली तरी उभी राहते. खाली ठेवली तर कलंडत नाही, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. बूड दुहेरी विणलेलं आहे. साखरेच्या गोणी अशा विणत.’ सदूदादा म्हणाला, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. त्यानं तांत गल्ल्यावर ठेवली, बाजूनं पाहिली, वरून पाहिली, मग तिकिटं चिकटवायला घेतली.

सोमवारी मावशी शेतात गेली. कार्डं गेली होती, पण उत्तर यायला महिना लागणार होता आणि सरदाराला दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता. पहाटे धुक्यात पट्ट्या बांधलेले गुडघे घेऊन ती ट्रकवर चढली तेव्हा दोघींनी तिला वरून ओढलं आणि एकीनं खालून ढकललं. तो सबंध महिना ती मधल्या पायरीवर थांबायचीसुद्धा बंद झाली, कारण देवळातच जाईनाशी झाली. तेवढे गुडघे उरत नव्हते. आजही या थंडीत पहाटे ट्रकचा आवाज आला की मी उशीत तोंड खुपसते.

गणपतीचं विसर्जन झालं आणि चौथ्या की पाचव्या दिवशी पत्र आलं. टाचणी निघाली होती. प्रत्येक कार्डाला थोडीफार मागणी होती. मावशीच्या कार्डाला एवढी होती की तिनं रात्रंदिवस एक केलं असतं तरी जहाज सुटेपर्यंत पुरी झाली नसती. सदूदादा पहिल्यांदा स्वतः आमच्या वाडीत आला. मावशीनं पाय शेकता शेकता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कोरेक, ठीक आहे. बायकांना बोलाव.”

दुसऱ्या दिवशी ओट्यावर नऊ जणी बसल्या आणि मावशी त्यांना दुहेरी बूड शिकवायला लागली. मी तिला आत ओढलं. माझा जीव कळवळत होता. “मावशी, तेवढं एकच तुझं वेगळं आहे गो! सगळ्यांच्या तांती उभ्या राहायला लागल्या तर पुढच्या वर्षी तुझ्या कार्डावर मी काय लिहू?”

“नको लिहूस.”

“आणि मग तू?”

“शेवंतीचे गुडघे काय लोखंडाचे आहेत?” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी मी साध्या तांतीचं एकच कार्ड केलं. खाली दहा जणींची नावं लिहिली, मागणी येईल ती दहांत वाटायची. या वेळी ते खरं होतं, म्हणून एकच. मुलांना परवा हेच सांगायचं होतं, पण ते निबंधाच्या तासात कसं सांगणार? मी आपलं एवढंच म्हटलं की वह्या मिटा, आणि आपल्या स्वयंपाकघराच्या दारातून काय दिसतं ते लिहा.

त्या दहांतली एकही बाई पुन्हा ट्रकवर चढली नाही. मावशी पुढे आठ वर्षं विणत होती. सरदार आला की दहा ओट्यांवरून तेच वाक्य ऐकू यायचं, तो बिचारा आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला. आता फिनिक्सला स्वेटरचे कारखाने झालेत, पोरी तिकडे जातात, बाजारात प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात. मावशीला जाऊन चार वर्षं झाली.

माझ्याकडे त्या काळातली एक तांत उरली आहे. कांदे ठेवते मी तिच्यात. या थंडीत ती ओल धरायला लागली म्हणून परवा रिकामी केली आणि एकदम वाटलं, ही मावशीच्या हातची असेल तर कांदे कसले ठेवते मी! बूड पाहिलं, दुहेरीच होतं, पट्ट्या मोजल्या, धरायचे कान ओढून पाहिले. एका हंगामात बारा तांतींचे दहा भेद शोधणारी मी, मला काही कळेना. शेवटी तशीच उचलली आणि शेवंतीकडे गेले. ती आता म्हातारी झाली आहे, पण बोटांना अजून सगळं आठवतं. तिनं तांत मांडीवर घेतली, उलटी केली, सुलटी केली, डोळे मिटून बुडावरून हात फिरवला.

“माझी असेल,” शेवंती म्हणाली. “नाहीतर तिची.”